प्रीमियम दुर्बिणीचे पैसे कुठे जातात: पक्षीनिरीक्षकाचे परीक्षण

भर दुपारी, सूर्य पाठीशी आणि वीस-पंचवीस मीटरवरच्या फांदीवर खंड्या निवांत बसलेला, अशा वेळी मध्यम किमतीची चांगली दुर्बीण आणि तिच्या चौपट किमतीची दुर्बीण आळीपाळीने डोळ्यांना लावली, तर दोन्हींतून खंड्या सारखाच निळा दिसतो. अशी तुलना करून पाहणारे अनेक जण "एवढ्या पैशांत वेगळे काय मिळते?" असे विचारतात. प्रश्न रास्त असतो, फक्त चाचणीची वेळ चुकलेली असते. सूर्य समोर असताना, पहाटेच्या धूसर उजेडात, पक्षी दृश्याच्या कडेला असताना आणि दुर्बीण बराच वेळ डोळ्यांवरून न काढता बघत राहावे लागते तेव्हा या दोन दुर्बिणींमधले अंतर उघडे पडते. वरच्या श्रेणीतल्या चार दुर्बिणी मी आलटून पालटून वापरत आलो आहे: स्वारोव्हस्कीची एनएल प्युअर, झाइसची व्हिक्टरी एसएफ, लायकाची नॉक्टिव्हिड आणि किमतीने या तिघींच्या एक पायरी खाली असलेली निकॉनची मोनार्क एचजी. चारही ८×४२ मापाच्या. या वापरातून झालेले माझे मत असे, की प्रीमियम दुर्बीण पाहणाऱ्याचे कष्ट कमी करते, आणि ते किती कमी होतील हे भिंगांइतकेच तुमच्या दोन डोळ्यांतील अंतर, चष्मा, नाकाची ठेवण आणि हाताचा पंजा यांवर ठरते. म्हणूनच केवळ आकड्यांचा तक्ता वाचून अशी दुर्बीण मागवणे मला पायात न घालता जोडे विकत घेण्यासारखे वाटते.

तरीही सुरुवात आकड्यांपासूनच करावी लागते. मापातला पहिला आकडा पक्षी किती पट मोठा दिसेल हे सांगतो, तर दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की आयपीसमधून, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगांतून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते, तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. ८×४२ मध्ये हा झोत ५.२५ मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२ मिलिमीटर आणि ८×३२ मध्ये ४ मिलिमीटर असतो. भर उन्हात माणसाची बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसलेली असते, त्यामुळे त्याहून जाड झोतातला जादा प्रकाश डोळ्यात शिरतच नाही आणि दिवसा या तिन्ही मापांच्या दुर्बिणी जवळपास सारख्याच उजळ वाटतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहुली पसरते तेव्हा मात्र ८×४२ चे पारडे जड होते. जाड झोताचा आणखी एक फायदा आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही: दुर्बीण डोळ्यासमोर किंचित इकडेतिकडे सरकली तरी चित्र नाहीसे होत नाही. होडीत बसून पाहताना, सुटलेल्या वाऱ्यात, किंवा चढण चढून दम लागलेला असताना हा फायदा उजळपणापेक्षाही मोलाचा ठरतो.

१० पटीचा मोह बहुतेकांना होतो आणि तो समजण्यासारखा आहे. पिसावरची रेघ मोठी दिसते, पण हाताचा कंपही त्याच पटीने मोठा होतो आणि उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवेची थरथरही. त्याखेरीज फोकसच्या खोलीचा प्रश्न आहे. एका वेळी जेवढे अंतर पुढे-मागे स्पष्ट दिसते ती खोली वर्धनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे ८ पटीच्या दुर्बिणीत ती १० पटीच्या दीडपटीहून थोडी अधिकच असते. कागदावर ही बाब किरकोळ वाटेल. पानांच्या दाटीत पर्णवटवट्या शोधणाऱ्याला ती किरकोळ वाटत नाही. हा पक्षी एका जागी क्षणभरही टिकत नाही. पंखावर फिकट पट्टा आहे का, असल्यास एक की दोन, भुवईची रेघ चोचीपर्यंत पोहोचते की आधीच संपते, एवढेच पाहायचे असते आणि तेवढ्यात तो मागच्या डहाळीवर गेलेला असतो. ८ पटीत फोकसच्या चाकाला बोट न लावताही तो बहुधा ओळखता येण्याइतका स्पष्ट राहतो. १० पटीत आधी चाक फिरवावे लागते, आणि ते फिरेपर्यंत हलणारे पान तेवढे उरते. उघडे पाणवठे, समुद्रकिनारा, माळरान, उंचावर घिरट्या घालणारे शिकारी पक्षी हेच ज्याचे मुख्य क्षेत्र आहे आणि ज्याचा हात स्थिर आहे, त्याने १० पट जरूर घ्यावी. बाकी सगळ्यांना, विशेषतः झाडीत फिरणाऱ्यांना, मी ८ पटीचाच आग्रह करीन.

या सल्ल्याला अलीकडे एक अपवाद करावा लागतो आणि तो दृश्यक्षेत्राच्या हिशेबातून निघतो. हजार मीटरवर दुर्बिणीतून दिसणाऱ्या पट्ट्याची रुंदी म्हणजे दृश्यक्षेत्र. वर सांगितलेल्या ८×४२ दुर्बिणींपैकी नॉक्टिव्हिडचे ते १३५ मीटर आहे, मोनार्क एचजीचे १४५, व्हिक्टरी एसएफचे १४८ आणि एनएल प्युअरचे १५९. रुंदीतला फरक थोडा वाटला तरी क्षेत्रफळात तो वर्गाने वाढतो. एनएलमधून नॉक्टिव्हिडपेक्षा सुमारे ३९ टक्के अधिक क्षेत्र एका नजरेत येते. दुसरीकडे एनएलच्या १०×४२ आवृत्तीचे दृश्यक्षेत्र १३३ मीटर आहे, म्हणजे नॉक्टिव्हिडच्या ८ पटीच्या जवळपास बरोबरीचे. १० पट घेतली की पक्षी सापडेनासा होतो, ही जुनी तक्रार २०२० साली आलेल्या या दुर्बिणीने बरीचशी खोडून काढली. कंप आणि फोकसच्या खोलीचे गणित मात्र तिलाही चुकलेले नाही.

रुंद दृश्याइतकेच महत्त्व त्याच्या कडेला आहे. स्वस्त दुर्बिणीतही मधला भाग चांगला असतो, पण मध्यापासून दूर जाऊ तसे चित्र मऊ होत जाते. मध्यावर फोकस केला तर कड अस्पष्ट, कडेवर केला तर मध्य अस्पष्ट. यावर उपाय म्हणून आयपीसमध्ये जादा भिंगे बसवून प्रतिमा सपाट केली जाते. स्वारोव्हस्कीने २०१० मध्ये ईएल मालिकेत हे तंत्र आणले आणि त्यानंतर वरच्या श्रेणीत त्याची जणू अटच पडली. एनएल आणि एसएफमध्ये दृश्य कडेच्या अगदी जवळपर्यंत स्पष्ट राहते. याचा खरा उपयोग चिखलपट्टीवर कळतो. टिलव्यांचा थवा पसरलेला असतो, सगळे सारख्याच लगबगीने चोची मारत असतात आणि त्यांतला एखादा छोटा टिलवा नसून टेमिंकचा आहे का, हे पायांच्या रंगावरून ठरवायचे असते: पहिल्याचे पाय काळे, दुसऱ्याचे पिवळसर. पायांना चिखल लागलेला असतो, म्हणून एकेका पक्ष्यावर थोडा वेळ थांबून, तो पाण्यात पाऊल टाकून बाहेर येईपर्यंत वाट पाहावी लागते. कड स्पष्ट असलेली दुर्बीण अशा वेळी हलवावीच लागत नाही. ती स्थिर धरून फक्त डोळे फिरवत थव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येते. मऊ कडेच्या दुर्बिणीत प्रत्येक पक्षी मधोमध आणावा लागतो, आणि थोड्याच वेळात खांदे भरून येतात.

सपाट दृश्याची एक किंमतही मोजावी लागते. दुर्बीण आडवी फिरवत क्षितिज न्याहाळताना काही जणांना दृश्य एखाद्या गोलावरून घरंगळत गेल्यासारखे वाटते आणि क्वचित मळमळतेही. सरळ रेषा कडेला अगदी सरळच राखल्या तर हा आभास वाढतो, म्हणून निर्माते मुद्दामच कडेच्या रेषा किंचित आत वळू देतात. हा आभास किती जाणवेल हे माणसागणिक बदलते. मला तो पहिले काही दिवस जाणवला आणि मग विसरला गेला. माझ्यासोबत फिरणाऱ्या एका स्नेह्यांना तो कधीच सहन झाला नाही आणि त्यांनी शेवटी नॉक्टिव्हिड निवडली. तिचे दृश्य तुलनेने अरुंद असले तरी तिच्यातली खोलीची जाणीव आणि किंचित उबदार, गडद रंग पाहून त्यांची निवड मला चुकीची वाटत नाही. पिसांचे तपकिरी, गंजके आणि पिंगट रंग तिच्यातून जसे वेगवेगळे उठून दिसतात, तसे मला इतर तिघींतून दिसत नाहीत. ही आवड झाली, मोजमाप नव्हे.

रंगाचा दुसरा मुद्दा मात्र आवडीवर सोडता येत नाही. ढगाळ, पांढऱ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर निष्पर्ण फांदीवर बसलेला कोतवाल पाहा. साध्या भिंगांच्या दुर्बिणीत त्याच्या काळ्या शरीराच्या एका कडेला जांभळी आणि दुसऱ्या कडेला हिरवट किनार दिसते. वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश भिंगातून वेगवेगळ्या प्रमाणात वळतो, त्यामुळे तो एका बिंदूत येत नाही. फ्लोराइडयुक्त काचेची भिंगे हा दोष पुष्कळ कमी करतात, आणि वरच्या श्रेणीतल्या दुर्बिणींच्या नावापुढे एचडी, ईडी, एफएल अशी जी अक्षरे लागतात, ती बहुधा अशाच काचेची खूण असतात. किनार पूर्णपणे नाहीशी करणारी दुर्बीण मी पाहिलेली नाही. कडेच्या भागात ती सगळ्यांतच थोडीफार डोकावते. मध्यावर ती दिसत असेल तर मात्र ती दुर्बीण या किमतीला पात्र नाही.

मग बाकीचे पैसे जातात कुठे? मोठा वाटा प्रिझममध्ये आणि काचेवरच्या लेपांत जातो. प्रिझमने प्रतिमा सरळ करण्याची इग्नात्सियो पोरो यांची कल्पना १८५४ सालच्या पेटंटची, आणि तिच्या आधारे झाइसने १८९४ मध्ये प्रिझमच्या दुर्बिणी बाजारात आणल्या. त्या रुंद खांद्यांच्या दुर्बिणी आजही मिळतात आणि कमी किमतीत फार चांगले चित्र देतात. मर्यादित पैशांत दुर्बीण घेणाऱ्यांनी त्यांचा विचार अवश्य करावा. आजच्या सरळ नळ्यांच्या दुर्बिणींत छपरासारखी कड असलेले रूफ प्रिझम असतात. ते दुर्बीण सडपातळ करतात, पण त्यांच्या छपराचा काटकोन काही आर्कसेकंदांपर्यंत (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अचूक घासावा लागतो, आणि छपराच्या दोन बाजूंवर विभागला गेलेला प्रकाश परत एकत्र येताना त्याच्या लहरींचा ताळमेळ बिघडून चित्राची धार कमी होते. १९८८ मध्ये झाइसने यावर फेज-करेक्शनचा लेप आणला आणि रूफ प्रिझमच्या दुर्बिणी खऱ्या अर्थाने पोरोच्या बरोबरीला आल्या. या दुर्बिणींत सहसा वापरल्या जाणाऱ्या श्मिट-पेखान प्रकारच्या प्रिझमला एका पृष्ठभागावर आरशासारखा लेपही लागतो. तिथे ॲल्युमिनियमऐवजी डायइलेक्ट्रिक थर दिले तर ९९ टक्क्यांहून अधिक प्रकाश परावर्तित होतो, पण असे अनेक थर एकावर एक चढवणे खर्चिक असते.

भिंगांवरच्या लेपांची गोष्टही अशीच आहे. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. असे सोळा पृष्ठभाग ओलांडायचे असतील तर लेपाविना जवळपास निम्मा प्रकाश वाटेतच हरवेल, आणि हरवलेला प्रकाश नळीत भटकून चित्रावर पांढुरके धुके पसरवील ते वेगळेच. झाइसमध्ये काम करणाऱ्या ओलेक्सांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तनरोधी लेपाची पद्धत शोधली आणि आजच्या बहुस्तरीय लेपांमुळे उत्तम दुर्बिणी ९० टक्क्यांहून अधिक प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचवतात. जाहिरातींत ९१ श्रेष्ठ की ९२, यावर वाद रंगवले जातात. एक-दोन टक्क्यांचा फरक डोळ्याला कळत नाही, तेव्हा त्याकडे दुर्लक्ष करावे. भटक्या प्रकाशावरचे नियंत्रण मात्र डोळ्याला लगेच कळते आणि ते कोणत्याही तक्त्यात छापलेले नसते.

आता डोळ्यांकडे येतो, कारण निवड फसते ती बहुधा इथेच. आयपीसपासून किती अंतरावर डोळा ठेवला असता संपूर्ण दृश्य दिसते त्याला आय रिलीफ म्हणतात. चष्मा लावणाऱ्याला हे अंतर निदान १५ मिलिमीटर हवे, आणि १७-१८ असेल तर उत्तम. या चारही दुर्बिणी त्या मर्यादेत बसतात, पण चष्म्याच्या काचा डोळ्यांपासून किती पुढे आहेत आणि भुवया किती उंच आहेत यावर प्रत्यक्ष अनुभव बदलतो. चष्मा नसलेल्यांची अडचण उलटी असते. आय रिलीफ भरपूर आणि आयकप, म्हणजे आयपीसभोवतीची मागे-पुढे होणारी कडी, पूर्ण बाहेर काढूनही पुरेसा लांब नसेल, तर डोळा फार जवळ जातो आणि दृश्यात काळ्या, चवळीच्या दाण्यासारख्या सावल्या सरकू लागतात. रुंद दृश्याच्या काही दुर्बिणींत डोळ्याची जागा किंचित चुकली तरी खालच्या भागात चंद्रकोरीसारखी झळाळीही दिसते. एकाच दुर्बिणीबद्दल एक माणूस "झळाळी आहेच" आणि दुसरा "मुळीच नाही" असे छातीठोकपणे सांगतो तेव्हा दोघेही आपापल्या चेहऱ्यापुरते खरेच बोलत असतात. डोळ्यांतील अंतर हाही असाच मुद्दा आहे. बहुतेक मोठ्या दुर्बिणी ५६ मिलिमीटरपेक्षा जवळ येत नाहीत, त्यामुळे लहान मुलांना आणि अरुंद चेहऱ्याच्या माणसांना दोन्ही नळ्यांतून एकच गोल कधीच मिळत नाही. कितीही महाग भिंगे असली तरी अशा माणसाच्या दृष्टीने ती निरुपयोगीच.

हाताला ही चारही यंत्रे फार वेगळी लागतात. वजनात मोनार्क एचजी ६६५ ग्रॅमची, एसएफ सुमारे ७८०, एनएल ८४० आणि नॉक्टिव्हिड ८६० ग्रॅमची. पण धरताना एसएफ तिच्या आकड्यापेक्षाही हलकी भासते, कारण तिच्यातील वजनदार भाग डोळ्यांच्या बाजूला ठेवले आहेत आणि भार मनगटाऐवजी तळव्यावर येतो. एनएलच्या नळ्या मधोमध आत दबलेल्या आहेत आणि बोटे त्या खोलगट भागात आपोआप जाऊन बसतात. मोठा पंजा असणाऱ्यांना तिच्याइतकी आरामदायक पकड मला अन्यत्र आढळलेली नाही. फोकसचे चाक एसएफमध्ये सर्वांत चपळ आहे: दीड मीटरपासून अनंतापर्यंत जायला दोन फेऱ्याही लागत नाहीत, आणि पायाजवळच्या फुलपाखरावरून आकाशातल्या घारीकडे वळताना ही चपळाई फार कामी येते. अतिशय बारीक फोकस करू पाहणाऱ्याला तीच चपळाई कधी कधी नको तितकी वाटते.

चौघींतून मला एकच ठेवायची असेल तर मी एसएफ ठेवीन, कारण माझे फिरणे बहुतांशी झाडीत आणि चालत असते, आणि दिवसअखेर मान व मनगट यांचे म्हणणे मी भिंगांच्या म्हणण्यापेक्षा गांभीर्याने घेतो. शुद्ध चित्राच्या बाबतीत एनएल तिच्या पुढे आहे. पाणवठ्याच्या काठी बसून तासन्‌तास पाहणाऱ्याने विचार न करता तीच घ्यावी आणि जमल्यास तिला जोडता येणारा कपाळाचा टेकूही घ्यावा. १० आणि १२ पटीत तर त्याने कंप जाणवण्याइतका कमी होतो. मोनार्क एचजी ही या यादीतली सर्वांत कमी चर्चिली जाणारी आणि बहुसंख्य वाचकांना सर्वांत योग्य दुर्बीण आहे. तिच्या कडा एनएलइतक्या नितळ नाहीत आणि सूर्य समोर असताना तिचे चित्र जरा आधी फिके पडते, पण किमतीतली दरी पाहता चित्रातली दरी फारच लहान आहे. ज्यांचे बहुतेक निरीक्षण दिवसाउजेडी होते त्यांनी ३२ मिलिमीटरच्या दुर्बिणीही हाताळून पाहाव्यात. एसएफ ८×३२ केवळ ६०० ग्रॅमची असून तिचे दृश्यक्षेत्र १५५ मीटर, म्हणजे तिच्याच ४२ मिलिमीटरच्या थोरल्या बहिणीपेक्षा अधिक आहे.

दुर्बीण पारखायची असेल तर दुकानाच्या काचेआड न थांबता विक्रेत्याच्या परवानगीने ती बाहेर घेऊन जावी. आधी ती डोळ्यांपासून हातभर लांब धरून आयपीसमधले उजळ ठिपके पाहावेत. ते पूर्ण गोल असायला हवेत. कडेला करड्या चौकटीसारखी छाटणी दिसली तर प्रिझममध्ये काटकसर झालेली आहे. मग इमारतीच्या काळ्या कडेकडे, तारांकडे किंवा निष्पर्ण फांद्यांकडे आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहून रंगीत किनार तपासावी. सूर्य दृश्याच्या बाहेर, पण समोरच्या दिशेला असेल असे उभे राहून सावलीतल्या झाडाकडे पाहावे आणि सावली काळी राहते की दुधाळ होते हे बघावे. हे करताना दुर्बीण सूर्याच्या जवळपासही वळवू नये, कारण क्षणभराच्या चुकीनेही डोळ्याचे कायमचे नुकसान होऊ शकते. फोकसचे चाक उलटसुलट फिरवून मध्ये पोकळ झोल जाणवतो का ते बोटाने अजमावावे. शेवटी दहा मिनिटे सलग पाहावे. त्यानंतर डोळ्यांच्या मागे ताण आल्यासारखे वाटले, किंवा दुर्बीण खाली घेतल्यावर दोन प्रतिमा जुळायला क्षणभर लागला, तर दोन नळ्यांची समांतरता बिघडलेली असू शकते. असा नमुना, मग तो कितीही नामांकित कंपनीचा असो, परत करावा.

उत्तम दुर्बीण घेऊनही डायॉप्टर, म्हणजे एका डोळ्याचा फोकस वेगळा जुळवणारी कडी, न जुळवणारे लोक मला सतत भेटतात, आणि त्यांच्या हातात मध्यम किमतीच्या यंत्राचे चित्र असते. दोन्ही डोळ्यांचा नंबर क्वचितच सारखा असतो, म्हणून हा फरक एकदा नीट भरून काढावा लागतो. पन्नासेक मीटरवरची बारीक तपशिलाची स्थिर वस्तू, उदाहरणार्थ झाडाची साल किंवा पाटीवरची अक्षरे, निवडावी. उजवे पुढचे भिंग हाताने किंवा टोपणाने झाकून, दोन्ही डोळे उघडेच ठेवून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी चित्र लख्ख करावे. मग चाकाला हात न लावता डावे भिंग झाकावे आणि उजव्या डोळ्यासाठी केवळ डायॉप्टर फिरवावा. एक डोळा मिटून हे करू नये, कारण मिटताना दुसराही ताणला जातो आणि जुळणी चुकते. डायॉप्टर आधी एका टोकाला नेऊन तिथून हळूहळू स्पष्टतेकडे आणला, आणि हे दोन-तीनदा केल्यावर तो दर वेळी त्याच खुणेवर थांबला, म्हणजे काम झाले. ती खूण लक्षात ठेवावी. डायॉप्टरला कुलूप नसलेल्या दुर्बिणींत ती पिशवीतून काढता-घालता सरकते.

पक्षी दुर्बिणीत न सापडण्याची तक्रार नवशिके करतात त्याचे कारण बहुधा नजर खाली वळण्यात असते. पक्षी दिसला की त्याच्यावरची नजर न हलवता, मान न वळवता, दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणावी. त्याच्या जवळची वाकडी फांदी किंवा वेगळ्या रंगाचे पान आधीच हेरून ठेवले तर आणखी सोपे जाते. चालताना चाक साधारण पंचवीस मीटरवर ठेवून द्यावे, म्हणजे अवचित समोर आलेल्या पक्ष्यासाठी थोडीच फिरवाफिरव उरते. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा हार्नेस वापरला तर ८४० ग्रॅमचीही तक्रार राहत नाही. माझ्या मते दुर्बिणीसोबतची ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खरेदी आहे.

इलेक्ट्रॉनिक दुर्बिणींबद्दल थोडेसे. कॅननची १०×४२ एल आयएस ही २००५ पासूनची कंपरोधक दुर्बीण एक किलोहून जड आणि हातात बोजड आहे, पण कळ दाबताच चित्र जे थबकते त्यात पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेल्या कड्यावरचे आकडे वाचण्याची शक्यता निर्माण होते, आणि तेवढा तपशील याहून कितीतरी महाग दुर्बिणी हातात धरून देऊ शकत नाहीत. २०२४ मध्ये आलेली स्वारोव्हस्कीची एएक्स व्हिझिओ पक्षी ओळखून त्याचे नाव दृश्यातच दाखवते. तिच्यातील ओळख कॉर्नेल लॅब या पक्षी-संशोधन संस्थेच्या मर्लिन बर्ड आयडी या ॲपच्या आधारे होते. तंत्र म्हणून ते थक्क करणारे आहे, तरी १०×३२ ची भिंगे आणि किलोभराहून अधिक वजन यांचा मेळ मला पटत नाही. त्याच वजनात साधी, उत्तम ८×४२ आणि सोबत खिशातला फोन हा जोड अजून सरस ठरतो.

या वर्गातल्या दुर्बिणी जलरोधक असतात आणि आत नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे आतल्या भिंगांवर बाष्प धरत नाही. बाहेरच्या भिंगांवर ते धरतेच. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आल्यावर ते पुसत बसू नये, दुर्बिणीचे तापमान हवेच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे. धूळ पुसण्याआधी हवेच्या पंपाने उडवावी, उरलेली मऊ ब्रशने झटकावी आणि मगच भिंगांसाठीच्या द्रवाने ओलावलेले कापड हलक्या हाताने गोलाकार फिरवावे. शर्टाच्या टोकाने पुसण्याची सवय लेपाचा घात करते, कारण वाळूचे कण काचेवर घासले जातात. समुद्रावरून परतल्यावर जलरोधक दुर्बीण साध्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावी. खारट थर कोरड्या कापडाने पुसणे त्याहून जास्त हानिकारक असते. दमट हवामानात खरा शत्रू बुरशी. बंद, अंधाऱ्या, कातडी पिशवीत महिनोन्‌महिने ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगावर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि लेप कायमचा खाते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून, जेलचा रंग बदलताच ते तापवून कोरडे करून दुर्बीण ठेवावी आणि अधूनमधून उजेडात काढावी. रबरी वेष्टणावर कीटकनाशकाचा फवारा किंवा मलम लागलेला हात लावू नये, त्याने रबर चिकट होते.

वापरलेली प्रीमियम दुर्बीण घेणे हा पैसे वाचवण्याचा शहाणपणाचा मार्ग आहे, कारण दहा-पंधरा वर्षांपूर्वीची अव्वल दुर्बीण आजच्या मध्यम दुर्बिणीला सहज मागे टाकते. तिच्या पुढच्या भिंगातून छोट्या टॉर्चचा प्रकाश तिरका टाकून आयपीसच्या बाजूने पाहावे. धुकट पडदा, तंतू किंवा प्रिझमच्या कोपऱ्यातला टवका असेल तर तो लगेच उजळून दिसतो. पुढच्या भिंगावरचा एखादा बारीक ओरखडा चित्रात काहीच फरक करीत नाही, तेव्हा त्यावरून किंमत कमी करून घ्यावी. पडलेल्या दुर्बिणीची खूण बाहेरच्या खरचटण्यात असेलच असे नाही, त्यामुळे नळ्यांची समांतरता दूरच्या खांबावर तपासल्याशिवाय व्यवहार करू नये. आयकप, टोपणे आणि डायॉप्टरची कडी यांचे सुटे भाग निर्माता त्या मॉडेलसाठी अजून पुरवतो का, एवढे त्याच्या सेवा विभागाकडून आधीच लेखी विचारून घ्यावे.